‘तो दुकान पळवतो’ : ओळखीचे इंग्रजी शब्द तुम्हाला कुठे कुठे फसवतात?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. हा धागा काढायला दोन प्रसंग कारण झाले.

पहिला वर्गातला. ‘ही रन्स अ शॉप’ या वाक्याचं मराठी एका मुलानं लिहिलं, ‘तो दुकान पळवतो.’ वर्ग खो खो हसला. मला मात्र त्याला चूक म्हणवेना. रन म्हणजे पळणे हे आम्हीच त्याला शिकवलं. दुसऱ्या एका धड्यात ‘रिलक्टंट’ शब्द आला तेव्हा हाच मुलगा शब्दकोश मागायला आला होता. ‘रन’साठी तो आला नाही, कारण रन त्याला येत होता.

दुसरा प्रसंग घरचा. आमच्या अण्णांची पोटाची सोनोग्राफी झाली आणि रिपोर्ट रात्री फोनवर आला. धाकट्या भावानं वाचला आणि गप्पच झाला. मग मला अंगणात बोलावून म्हणाला, “ताई, लिव्हर ‘ग्रॉसली नॉर्मल’ लिहिलंय. ग्रॉस म्हणजे काहीतरी वाईटच ना? आणि किडन्या ‘अनरिमार्केबल’. म्हणजे कामातून गेल्या का?” मी इंग्रजीची शिक्षिका, पण त्या घटकेला मलाही छातीठोक सांगता येईना. रात्रभर दोघं जागे. सकाळी डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम आहे.

तेव्हापासून हेच डोक्यात घोळतंय. अवघड शब्दांची यादी आम्ही मुलांकडून पाठ करून घेतो. सोप्या शब्दांचं काय? तुमच्या कामात, घरात, परदेशात असा एखादा ओळखीचा शब्द अचानक परका झालाय का? आणि हे पोरांना शिकवायचं कसं?

घाटवळण

दुकान पळवतो! आमच्याकडं वडापच्या जीपा पळवतात, दुकान पळवल्याचं पहिल्यांदाच ऐकलं. पोरगं लई भारी आहे बाई, त्याला रागावू नका.

डॉ_साळुंकी

कृष्णाकाठ ताई, तुमच्या भावासारखे घाबरलेले नातेवाईक मी आठवड्यातून एकदा तरी पाहते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘ग्रॉसली’ म्हणजे आमच्या भाषेत ढोबळमानाने, वरवर पाहता. सूक्ष्मदर्शकाखाली नाही पाहिलं, पण जेवढं दिसलं तेवढं ठीक आहे. ‘अनरिमार्केबल’ म्हणजे वेगळं नोंदवण्यासारखं काही नाही. माणसाला अनरिमार्केबल म्हटलं तर तो अपमान, मूत्रपिंडाला म्हटलं तर शाबासकी!

‘पॉझिटिव्ह’चा घोळ तर २०२० मध्ये घराघरात पोचला. आयुष्यभर ‘पॉझिटिव्ह राहा’ ऐकलेल्या माणसाला तोच शब्द कागदावर दिसला की घाम फुटायचा. तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे फक्त ‘जे शोधत होतो ते सापडलं’. ते चांगलं की वाईट, हे काय शोधत होतो त्यावर ठरतं. गरोदरपणाच्या चाचणीत त्याच शब्दावर पेढे वाटतात. आणि रक्तगट निगेटिव्ह म्हणजे रक्तात खोट आहे असं समजणारे लोकही मला भेटलेत. लग्न जमवताना एका घरानं तो मुद्दा केला होता, बसून समजावावं लागलं.

‘प्रोग्रेसिव्ह’ हा माझ्या मते सगळ्यात क्रूर शब्द. प्रोग्रेस म्हणजे प्रगती, शाळेचं प्रगतिपुस्तक सगळ्यांना ठाऊक. पण आजार प्रोग्रेसिव्ह आहे म्हणजे तो वाढत जाणारा आहे. प्रगती आजाराची असते, आजाऱ्याची नव्हे. एका मुलानं आईच्या फायलीत हा शब्द वाचून सगळ्या नातेवाइकांना आनंदानं फोन केले होते. त्याला खरं सांगताना मला जे वाटलं ते अजून विसरता आलेलं नाही.

‘ॲक्यूट’ आणि ‘क्रॉनिक’ यांतही लोक गफलत करतात. ॲक्यूट म्हणजे अचानक, थोड्या काळात उद्भवलेलं. क्रॉनिक म्हणजे रेंगाळलेलं, जुनाट. बरेच जण क्रॉनिकचा अर्थ ‘फार गंभीर’ असा घेतात. आणि ‘स्टेबल’ म्हणजे बरा नव्हे. स्थिती हलत नाहीये, एवढंच. अतिदक्षता विभागाबाहेर हा फरक न समजल्यामुळे किती गैरसमज होतात ते मी पाहिलंय.

माझ्यापुरता उपाय मी केलाय. रिपोर्ट परत देताना खाली एक ओळ मराठीत लिहिते. अर्धं मिनिट लागतं.

वकीलीण

डॉक्टर, तुमची मराठी ओळ आमच्या क्षेत्रातही यायला हवी.

आमच्याकडचा धडकी भरवणारा शब्द म्हणजे ‘एक्झिक्यूशन’. पैशाच्या दाव्यात हुकूमनामा झाला, समोरच्यानं पैसे दिले नाहीत, की वसुलीसाठी पुन्हा कोर्टात अर्ज करावा लागतो. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मध्ये त्याची सगळी पद्धत आदेश २१ मध्ये दिली आहे. इंग्रजीत तो एक्झिक्यूशनचा अर्ज. आमच्या पक्षकाराच्या कॉलेजात जाणाऱ्या नातवानं इंग्रजी कागद वाचला आणि घरात रडारड. आजोबांना फाशी होणार! वास्तविक शब्दाचा मूळ अर्थ ‘तडीस नेणे, अमलात आणणे’. मृत्युदंड अमलात आणला तर जीव जातो, हुकूमनामा अमलात आणला तर फार तर ट्रॅक्टर जप्त होतो. आपल्या कोर्टांत यासाठी ‘दरखास्त’ असा छान शब्द अजून चालतो. आजोबांना ‘दरखास्त’ म्हटल्याबरोबर कळलं. नातवाला इंग्रजी येत होतं, म्हणून तो अडकला.

दुसरा शब्द ‘कन्सिडरेशन’. खरेदीखतात ‘पाच लाख रुपयांच्या कन्सिडरेशनमध्ये’ असं असतं. एकानं मला विचारलं, “पाच लाखांचा विचार करून म्हणजे? दिले की नुसताच विचार केला?” भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम २ (ड) मध्ये त्याची व्याख्या आहे, मराठीत मोबदला. आणि काही अपवाद सोडले तर मोबदल्याशिवायचा करार रद्दबातल. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ लोक ‘विचार’ समजतात, त्यावर अख्खा करार उभा असतो.

‘सेंटेन्स’ तर मुलांनाही सांगण्यासारखा आहे. व्याकरणात वाक्य, कोर्टात शिक्षा. लॅटिनमधला मूळ शब्द मत, अभिप्राय अशा अर्थाचा. न्यायाधीशानं दिलेलं मत ते एक, आणि पूर्ण अर्थाचं बोलणं ते दुसरं.

पासबुक

मी बँकेतून निवृत्त. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या झाल्या आणि अमेरिकेनं निर्बंध लादले. मुलगी तेव्हा आठवीत, इंग्रजी पेपर वाचायची सवय लावत होतो. तिनं विचारलं, “बाबा, तुम्ही रोज लोकांची कर्जं सँक्शन करता. मग अमेरिकेनं आपल्याला काय सँक्शन केलं? आणि लोक चिडलेत का?” तीस वर्षं मी ‘सँक्शन’चा शिक्का मारत होतो, पण या बाजूनं शब्दाकडे पाहिलंच नव्हतं. एकच शब्द, एकदा मंजुरी, एकदा बंदी. नंतर शोधलं तेव्हा कळलं की मूळ लॅटिन शब्दाचा संबंध कायद्यानं पक्कं करण्याशी आहे. कायदा परवानगीही देतो आणि मोडला तर दंडही करतो, दोन्ही फांद्या तिथूनच फुटल्या.

‘क्रेडिट-डेबिट’चंही तसंच. ग्राहक विचारायचे, “माझे पैसे मी ठेवले, तर तुमच्यासाठी ते क्रेडिट कसे?” मी सांगायचो, पासबुक हा बँकेच्या वहीचा उतारा आहे. तुमची ठेव हे बँकेचं देणं, म्हणून ती तुमच्या नावावर जमा. पण त्याच माणसाच्या खिशात क्रेडिट कार्ड असतं, तिथं क्रेडिट म्हणजे उधारी! आपले ‘जमा’ आणि ‘नावे’ हे शब्द किती स्वच्छ आहेत. खेड्यातला ग्राहक त्यात कधी गोंधळला नाही.

मिडलँड्स_मराठी

इंग्लंडमध्ये बावीस वर्षं झाली. इथं मोठे शब्द कधीच अडचणीत आणत नाहीत, छोटे आणतात. ‘क्वाइट’ घ्या. पहिल्या वर्षी साहेबांनी माझ्या कामाला ‘क्वाइट गुड’ म्हटलं आणि मी घरी गोड केलं. इंग्रज माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा त्याला ‘बरं आहे’ म्हणायचं असतं. अमेरिकन म्हणाला असता तर माझा शिरा योग्य होता.

याची फार मोठी किंमत मोजल्याचा प्रसंग सांगतात. कोरियाचं युद्ध, एप्रिल १९५१, इमजिन नदी. ब्रिटिश ब्रिगेड अमेरिकन वरिष्ठांच्या हाताखाली लढत होती. ब्रिगेडियर टॉम ब्रॉडी यांनी कळवलं की परिस्थिती ‘अ बिट स्टिकी’ आहे. ब्रिटिश लष्करी बोलीत याचा अर्थ फार बिकट. अमेरिकन अधिकाऱ्याला वाटलं, थोडी अडचण आहे पण निभावतंय. ग्लॉस्टरशर रेजिमेंटची पहिली बटालियन तिथं वेढली गेली आणि बरेचसे सैनिक मारले गेले किंवा कैद झाले. ‘बिट’ आणि ‘स्टिकी’. दोन्ही शब्द शाळकरी पोराला येणारे.

नियमावली

सगळे किस्से छान आहेत, पण एक गोष्ट स्पष्ट बोलतो. आपल्याकडच्या निम्म्या अडचणी आपणच तयार केल्यात. ‘आय हॅव अ डाउट’, ‘पास्ड आउट इन २०१०’, ‘प्लीज रिव्हर्ट’ ही चुकीची इंग्रजी आहे. डाउट म्हणजे संशय, प्रश्न नव्हे. पास्ड आउट म्हणजे बेशुद्ध पडला. रिव्हर्ट म्हणजे पूर्वस्थितीला जाणे. शाळेत बरोबर शिकवा, प्रश्न मिटेल.

जर्सीकर

नियमावली, तुमचं अर्धं पटतं. मी न्यू जर्सीला नवीन असताना मीटिंगमध्ये सादरीकरण संपल्यावर हात वर करून म्हटलं, “आय हॅव अ डाउट.” सादर करणारी बाई एकदम सावध झाली, खुलासे करू लागली. तिला वाटलं मी तिचे आकडे खोटे म्हणतोय. मला फक्त दुसरी स्लाइड पुन्हा पाहायची होती! घरी येऊन लक्षात आलं की डोक्यात मराठी ‘शंका’ होती. शंका विचारणं हे आपल्याकडे चांगल्या विद्यार्थ्याचं लक्षण. तो आदर ‘डाउट’मध्ये उतरत नाही.

पण ‘पास्ड आउट’ला सरसकट चूक म्हणू नका. लष्करात ब्रिटिशांपासून तो शब्द आहे. खडकवासल्याला एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, दर सहामाहीला पासिंग आउट परेड होते, तिथं कोणी बेशुद्ध पडायला जात नाही. माझा सख्खा मामा त्या मैदानावरून पास आउट झाला आणि आजी ते फार अभिमानानं सांगायची.

वकीलीण

जर्सीकर, अनुमोदन. शब्द कुठे बोलला जातो हे न पाहता ‘चूक’ म्हणता येत नाही. ‘टेबल’चं उदाहरण बघा. ब्रिटिश रीतीत प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे चर्चेला मांडणे. अमेरिकेत म्हणजे बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे अधिकारी यावरून बराच वेळ वाद घालत बसले, आणि मग कळलं की दोघांनाही एकच हवं होतं. चर्चिल यांनी आपल्या युद्धाच्या आठवणींत हे लिहून ठेवलंय. आपल्या विधिमंडळात ‘सभागृहाच्या पटलावर ठेवणे’ म्हणतात, तो ब्रिटिश टेबलच. मग यातला बरोबर कोणता?

नियमावली

तिथं दोन देशांची रूढी आहे, मान्य. पण दहावीच्या पेपरात कोणती रूढी लिहायची, हे शिक्षकाला ठरवावंच लागतं. मी तेवढंच म्हणतोय.

कृष्णाकाठ

नियमावली दादा, तुमचा मुद्दा मला रोज भेटतो. पेपर तपासणाऱ्याच्या हातात नमुना उत्तर असतं. म्हणून तर विचारतेय.

लोअरपरळ

जरा वेगळी गंमत. इंग्रजी शब्द मराठीत येऊनही कसे बदलतात बघा. माझ्या आत्येनं १९७० च्या आसपास डोंबिवलीत ‘ब्लॉक’ घेतला. म्हणजे चाळीतली खोली सोडून स्वतंत्र संडास-मोरी असलेलं घर. काकाला हार्टमध्ये ‘ब्लॉक’ निघाला. गावी मामा ‘ब्लॉक’ला जातो, म्हणजे पंचायत समितीच्या कचेरीत, गटविकास अधिकाऱ्याकडे. आणि रविवारी आमचा ‘मेगाब्लॉक’, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद! एकाच घरात चार ब्लॉक, आणि संदर्भावाचून कोणाला काही कळत नाही असं कधी झालं नाही.

‘हॉटेल’ही तसंच. माझा चुलतभाऊ बर्मिंगहॅमहून आला, कोल्हापूरच्या वाटेवर म्हणाला हॉटेल दिसलं की थांबवा, आडवं व्हायचंय. ड्रायव्हरनं पाच मिनिटांत थांबवलं. मिसळ उत्तम होती, आडवं व्हायला बाकडं मिळालं.

घाटवळण

लोअरपरळ, एष्टी स्टँडवरचं मराठी पण घ्या की. “गाडी लागली का?” म्हणजे फलाटावर आली का. आणि आमच्या मावशीला गाडी ‘लागते’, ती आली की नाही ते वासावरून कळतं.

पणजीकर

आमच्याकडे पोर्तुगीज शब्दांचंही हेच झालं. ‘पगार’ हा पोर्तुगीजमधल्या ‘पैसे चुकते करणे’ या क्रियापदावरून आला. तिथं ते देणाऱ्याचं काम, इथं घेणाऱ्याचा आनंद. ‘तुरुंग’ शब्दाच्या मागे झाडाच्या ओंडक्याचा शब्द आहे, कारण कैद्याचे पाय लाकडी खोड्यात अडकवत. शब्द गाव बदलतो तेव्हा सामान सगळं नेत नाही, हाताला लागेल ते घेऊन निघतो.

हिंजवडी_रात्रपाळी

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात सगळेच साधे शब्द आहेत: स्ट्रिंग, ट्री, चाइल्ड, किल. आईसमोर फोनवर बोलताना जपून बोलावं लागतं. आणि ‘बग’ची गोष्ट माहीत असेलच. १९४७ मध्ये हार्वर्डच्या मार्क टू संगणकात खराखुरा बग, म्हणजे किडा (पतंग), अडकला, तो काढून वहीत चिकटवला, तेव्हापासून दोषाला बग म्हणतात.

पासबुक

रात्रपाळी, ही गोष्ट मीही बरीच वर्षं सांगायचो. पतंग खरा आहे, तारीख ९ सप्टेंबर १९४७, आणि ती वहीही अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपलेली आहे. पण शब्द त्याच्या आधीचा. एडिसनच्या १८७८ च्या पत्रात यंत्रातल्या दोषांना बग म्हटलंय. वहीतली नोंद नीट वाचा, ‘खराखुरा बग सापडल्याची पहिली वेळ’ असं तिथं लिहिलंय. शब्द आधीपासून रूढ नसता तर ‘खराखुरा’ कशाला लिहिलं असतं?

हिंजवडी_रात्रपाळी

पटलं. इतकी वर्षं ही नोंद मी पुरावा म्हणून दाखवत होतो, आणि पुरावा उलटाच निघाला. धन्यवाद आबा.

पंच

क्रिकेटचं कोणी काढलं नाही याचं नवल वाटतंय. मी तालुका पातळीवर पंचगिरी करतो. ‘मेडन’ म्हणजे कुमारिका. आपण ‘निर्धाव षटक’ म्हणतो, कारण त्यात एकही धाव निघालेली नसते. नाशिकच्या बापू नाडकर्णींनी जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध लागोपाठ २१ निर्धाव षटकं टाकली. त्या डावाचे आकडे ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, ० बळी. पोरांना हे सांगितलं की ‘मेडन’ कायमचा लक्षात राहतो, मला अनुभव आहे.

‘सिली पॉइंट’वर उभा राहणारा मूर्ख नसतो, फलंदाजाच्या धोकादायक जवळ असतो. ‘सिली’चा पूर्वज जुन्या इंग्रजीत ‘सुखी, धन्य’ असा होता. पुढे भोळा, मग बिचारा, मग मूर्ख. हजार वर्षांत चांगल्या शब्दाची ही गत झाली. आपल्याकडे ‘शहाणा’ शब्दाचं सुरू आहे तेच, नुसतं “फार शहाणा आहेस” म्हणून बघा.

जुळारी

उशिरा येतोय. मी छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवण्यात उमेद घालवली, डोळे गेले तेव्हा सोडलं. तुमच्या चर्चेत एक भेद राहून गेलाय असं वाटतं.

‘केस’ शब्द घ्या. डॉक्टरची केस, वकिलाची केस, व्याकरणातली केस म्हणजे विभक्ती. या तिन्हींच्या मागे एकच लॅटिन शब्द आहे, ‘पडणे’ या अर्थाचा. काय घडलं, काय वाट्याला पडलं, तो प्रसंग. पण आमच्या छापखान्यातली केस वेगळी. ती खिळे ठेवायची खणांची पेटी. वरच्या पेटीत इंग्रजीची मोठी अक्षरं, खालच्या पेटीत लहान, म्हणून अपर केस आणि लोअर केस. आजही संगणकावर तेच नाव चालतं, पेट्या भंगारात गेल्या तरी. (देवनागरीला जोडाक्षरांमुळे दोन पेट्यांत भागायचंच नाही, हात सारखा इकडून तिकडे.) ही पेटीवाली केस दुसऱ्याच लॅटिन शब्दावरून आली. म्हणजे हे दोन वेगळे शब्द, तोंडवळा तेवढा सारखा.

‘रन’चं तसं नाही. पळणे, दुकान चालणे, नळ वाहणे, निवडणुकीला उभं राहणे, ही सगळी एकाच शब्दाची पिलावळ, आणि प्रत्येकाच्या पोटात ‘थांबलेलं नाही’ हा भाव आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात १९८९ च्या आवृत्तीपर्यंत ‘सेट’ची नोंद सर्वांत लांब होती. नव्या संपादनात २०११ मध्ये ‘रन’ पुढे गेला, ६४५ अर्थ.

बाईंनी मुलांना हा फरक सांगावा. नातेवाईक असतील तर नातं शोधायचं. नुसते चेहरे सारखे असतील तर दोन्ही वेगवेगळे लक्षात ठेवायचे. मराठी व्याकरणात आपण अनेकार्थी शब्द शिकतोच की: कर म्हणजे हात, कर म्हणजे सरकारी सारा.

डॉ_साळुंकी

जुळारी काका, तुमचा प्रतिसाद मी वाचनखूण करून ठेवला. ‘पोटात एक भाव’ हे फार नेमकं आहे. पॉझिटिव्हच्या सगळ्या अर्थांच्या पोटात ‘आहे’ एवढाच भाव आहे, हे आता रुग्णांना असंच सांगेन.

वऱ्हाडी_मास्तर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. बाईंच्या मूळ प्रश्नावर येतो, कारण सगळे किस्स्यांतच रमले. २००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासून इंग्रजी आलं. पोट्ट्यांना शब्द लवकर मिळाले, पण ‘शब्द आणि त्याच्यासमोर एक अर्थ’ अशा तक्त्यातून मिळाले. रन-पळणे, गिव्ह-देणे, टेक-घेणे. तो तक्ता भिंतीवर लावणारा मीच होतो. तोच मोडावा लागतो.

माझा उपाय: इंग्रजीआधी मराठीचा तास घ्या. ‘लागणे’ क्रियापद द्या आणि पोरांना वाक्यं आणायला लावा. भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, वेळ लागला, आंबे लागले. मग विचारा, एका अर्थात बसवून दाखवा. बसत नाही हे त्यांना स्वतःला दिसलं पाहिजे. आपल्या भाषेत हे आपण रोज करतो हे कळलं की इंग्रजीवरचा राग जातो. आणि वहीत सुटा शब्द लिहायचा नाही, वाक्यासकट लिहायचा.

नियमावली

मास्तर, वाक्यासकट लिहिण्याला माझा पूर्ण पाठिंबा. सुट्या शब्दांच्या यादीला माझाही विरोधच आहे. मात्र ‘लागणे’त दोन तास घालवले तर अभ्यासक्रम कोण पूर्ण करणार?

वऱ्हाडी_मास्तर

दोन नाही, एकच. शनिवारची सकाळची शाळा.

कृष्णाकाठ

मंडळी, आठ दिवसांनी लिहितेय. काल शनिवारी नववीत ‘लागणे’चा तास घेतला. मास्तर, तुमचे आभार कसे मानू!

मी फळ्यावर ‘लागणे’ एवढंच लिहिलं आणि खडू त्यांच्या हातात दिला. घंटा होईपर्यंत फळा भरला, सत्तावीस वाक्यं. दारू लागली, विहिरीला पाणी लागलं, दहावीचा निकाल लागला, नवस केला की देवाची ओढ लागली, बोट लागलं, फोन लागला. ‘मला बाईंचा धाक लागत नाही’ हेही एकानं लिहिलं. धाक ‘वाटतो’ यावर वर्गानंच त्याला दुरुस्त केलं, मला बोलावं लागलं नाही.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्षभरात फार बोललेली नाही. म्हणाली, “बाई, दिवा लागला म्हणजे उजेड झाला. आणि डोळा लागला म्हणजे अंधार झाला. आणि दार लागलं म्हणजे बंद झालं, पण नळ लागला म्हणजे चालू?” मी तिला पासबुक आबांचा ‘सँक्शन’ सांगितला. एकच शब्द दोन उलट दिशांना जातो हे तिला स्वतःच्या भाषेत आधी सापडलं होतं, म्हणून सँक्शन एका वाक्यात समजला.

शेवटची दहा मिनिटं ‘रन’ घेतला. जुळारी काकांचं ‘थांबलेलं नाही’ हे फळ्याच्या मधोमध लिहिलं. ‘ही रन्स अ शॉप’ आता त्याच मुलाला वाचायला सांगितलं. तो म्हणाला, “तो दुकान चालवतो. म्हणजे दुकान थांबू देत नाही.” ‘थांबू देत नाही’ हे त्याचं स्वतःचं.

नियमावली दादा, एकच तास लागला. आणि सोमवारपासून वहीत वाक्यासकट शब्द, हे तुमच्या-मास्तरांच्या एकमतानं ठरलंय.

डॉ_साळुंकी

वाचून फार बरं वाटलं. अण्णा कसे आहेत?

कृष्णाकाठ

छान आहेत. भावानं त्या रिपोर्टवर पेनानं ‘किडन्या ठणठणीत’ लिहून कागद त्यांच्याच उशाशी ठेवलाय. अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच वाचून दाखवतात.

नवीनसदस्य_मिरज

पहिलाच प्रतिसाद आहे, चुकलं तर सांभाळून घ्या. ‘गो ऑफ’चं काय करायचं? लाइट गो ऑफ होते म्हणजे बंद होते. अलार्म गो ऑफ होतो म्हणजे वाजायला लागतो. आणि इंग्लंडच्या आत्याकडे दूध गो ऑफ झालं म्हणजे नासलं. मी बारावीला आहे आणि हे मला कोणीच समजावलेलं नाही.

घाटवळण

लाइट गेली, आजोबा गेले, पहिली एष्टी गेली आणि पाहुणे एकदाचे गेले. आपल्याकडं काय कमी आहे का?

कृष्णाकाठ

मिरज, प्रश्न अगदी योग्य आहे. घाटवळण दादांची चार वाक्यं आधी वहीत लिही, आणि त्याखाली तुझी तीन. पुढच्या शनिवारी मी नववीत हाच शब्द घेतेय, पोरं काय शोधतात ते इथं कळवते.